‘आधारवड’ काढून टाकल्यावर

सार्वजनिक वाचनालयाचे एक जुने कार्यकर्ते गेल्याचा निरोप संध्याकाळी सातच्या सुमारास आला, तेव्हा आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानाची आखणी जवळजवळ पूर्ण झाली होती. निधनाची बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय लावायची नाही, आणि त्यातले एक ठिकाण घरचेच असले पाहिजे, हा डेस्कवरचा माझा जुना हट्ट आहे. १८९७ साली मार्क ट्वेन यांच्याबाबत अशीच अफवा उठली होती. आजारी होता त्यांच्या नात्यातला एक भाऊ, आणि आपल्या मृत्यूची बातमी अतिशयोक्त असल्याचा खुलासा मात्र त्यांना स्वतःला करावा लागला. आमच्याकडे तसे काही नव्हते. घरून दुजोरा मिळाला आणि अर्ध्या तासात बातमीदाराचा मृत्युलेख माझ्यासमोर आला.

‘कुशल संघटक’, ‘अजातशत्रू’, ‘आधारवड हरपला’, ‘न भरून येणारी पोकळी’ असे सारे काही त्यात होते. नव्हते ते गेलेले गृहस्थ. नाव बदलले असते तर तोच लेख गेल्या महिन्यात गेलेल्या दुसऱ्या कोणालाही चालला असता. २००३ मध्ये सीएनएनच्या संकेतस्थळावर आधीच लिहून ठेवलेले मृत्युलेखांचे मसुदे चुकून सर्वांना दिसू लागले, तेव्हा अमेरिकेचे त्या वेळी हयात असलेले उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मसुद्यात ब्रिटनच्या दिवंगत राजमातेच्या लेखातले शब्द राहून गेल्याचे उघड झाले होते. साच्यातला मजकूर कधी दगा देईल याचा नेम नसतो.

मी विशेषणे काढत गेलो आणि पाऊण लेख उडाला. उरलेल्या मजकुरात ठोस म्हणावे असे एकच वाक्य होते: सार्वजनिक वाचनालयासाठी त्यांनी ‘पहिल्या दिवसापासून’ लढा दिला. ते तपासण्यासाठी कात्रणांची फाइल काढली. ३५ वर्षांपूर्वीच्या, कडा तुटलेल्या एका कात्रणात वाचनालयाच्या पहिल्या सभेचा वृत्तांत होता, आणि ठरावाला विरोध करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव होते. त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

सहकाऱ्याचे मत स्पष्ट होते: आजच्या दिवशी हे कशाला, विरोधाचा उल्लेख गाळा आणि पुढे चला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ज्या घरात नुकतेच माणूस गेले आहे, त्या घरी सकाळी आपला अंक पडणार आहे, हे विसरून चालत नाही. पण ‘पहिल्या दिवसापासून’ हे आता खोटे आहे, हे मला माहीत झाले होते. शेवटी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि शब्द जुळवत, चाचरत विचारले.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “अहो, हे तर बाबा स्वतःच सांगायचे. मुलांच्या खेळाच्या मैदानाचा कोपरा वाचनालयाला द्यायचा होता, म्हणून ते विरोधात होते. ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी जागेची मोजणी करायला फीत घेऊन सगळ्यांच्या आधी तेच गेले. मैदानाची एक फूटही जास्त जाऊ नये म्हणून.”

लेख मला तिथे सापडला. सुरुवात मी त्या फितीपासून केली, विरोध सरळ लिहिला, आणि त्यापुढे वाचनालयासाठी त्यांनी वर्षानुवर्षे केलेले काम, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे तर हिशेबाच्या कसोशीने केलेले, क्रमाने मांडले. वयाचाही घोळ होता: तीन जणांनी तीन आकडे सांगितले होते, म्हणून मुलीने सांगितलेली जन्मतारीख धरून मी ते पुन्हा मोजले. पान नऊ मिनिटे उशिरा सुटले, त्याबद्दल छपाई विभागाची बोलणी खाल्ली.

सकाळी मुलीचा फोन आला. लेख आवडल्याचे त्यांनी एका वाक्यात सांगितले आणि मग संकोचून म्हणाल्या, “एक चूक आहे. बाबा वाचनालयाचे अध्यक्ष कधीच नव्हते. खजिनदार होते. अध्यक्षपद दोनदा चालून आलं, पण वह्या दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.”

‘अध्यक्ष’ हा शब्द बातमीदाराच्या मजकुरात नव्हता. तो मी घातला होता, कोणालाही न विचारता. एवढे काम करणारा माणूस अध्यक्षच असणार, असे मीच धरून चाललो होतो. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापली आणि कात्रण फाइलमध्ये लावताना ती त्याच्याखालीच डकवली.