८४ चा ८७ झाला

आजचा अख्खा रविवार गॅरेजमध्ये गेला. माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ५०० चा ८४ मिमी व्यासाचा ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर) उतरवून ८७ मिमीचा ब्लॉक-पिस्टन चढवला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तोच, ९० मिमी. वाढले फक्त तीन मिलिमीटर, पण ४९९ सीसीचे ५३५ झाले. व्यासाचा वर्ग होतो ना!

सगळ्यात जास्त वेळ पिस्टनच्या रिंगांनी घेतला. एकेक रिंग नुसत्या ब्लॉकमध्ये घालायची, पिस्टनने सरळ ढकलायची आणि फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) रिंगच्या तोंडाची, म्हणजे दोन टोकांमधली, फट मोजायची. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात, ब्लॉकवर ओरखडे पडतात.

मेस्त्रीकाकांनी ब्लॉकखालच्या क्रँककेसचं तोंड आधीच फडक्याने बुजवलं होतं. पिस्टनची पिन जागेवर धरणारी छोटी सर्क्लिप बसवताना माझ्या हातून उडाली ती नेमकी त्या फडक्यावर! आत गेली असती तर सगळं इंजिन खोलावं लागलं असतं. काका एवढंच म्हणाले, "घाई नको रे बाळा."

मग रिंगांची तोंडं एकमेकांपासून लांब फिरवली, तेल लावलं, आणि पिस्टन अलगद आत शिरला. संध्याकाळी पहिला ठोका ऐकला तेव्हा डोळे भरून आले. जास्त हवेला पेट्रोलही जास्त लागतं, ते मॅपिंग, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण नव्याने बसवणं, अजून बाकी आहे. तोवर गाडी हळूच चालवणार.