पाहुण्यांना कुठे बसवायचं?

मुंबईत पाहुणे आले की दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. गेटवे, सिद्धिविनायक, राणीच्या बागेतले पेंग्विन, ऊन उतरल्यावर चौपाटी. यावरून घरात कधी वाद होत नाही. वाद सुरू होतो सातच्या सुमाराला, पाहुण्यांपैकी कुणीतरी आवाज खाली आणून "मग, बसायचं कुठे?" असं विचारतं तेव्हा. आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे, कारण नवरा घेत नाही. तो लिंबू सोडा मागवतो, चखण्यातले शेंगदाणे संपवतो आणि सगळ्यांना सुखरूप घरी आणतो. वेटर मात्र न चुकता बिअर त्याच्यासमोर आणि सोडा माझ्यासमोर ठेवतो. मग आम्ही काही न बोलता ग्लासांची अदलाबदल करतो.

आता शहरातला सगळ्यात चांगला बार कोणता, हे विचारणाऱ्याला सोपं वाटतं. सांगणाऱ्याची मात्र पंचाईत होते. पाहुण्यांना बार दाखवताना माणूस शहर थोडंच दाखवतो; आपण या शहरात कोण आहोत, ते दाखवायची त्याची जास्त धडपड असते. माझ्या धाकट्या दिरांचंच बघा. ते आल्या-गेल्या प्रत्येकाला वरळीच्या फोर सीझन्सच्या गच्चीवरल्या बारमध्ये नेतात. चौतिसावा मजला. खाली दिव्यांची रांग, समोर सी लिंक, अंगावर वारा. पाहुणे फोटो काढतात, दीर बिल बघू देत नाहीत. मीही गेले आहे दोनदा-तीनदा. चौतिसाव्या मजल्यावरून मुंबई फार देखणी दिसते, कारण तिथे ती ऐकू येत नाही. पण पाहुण्याने "तुमचं घर यात कुठे?" असं विचारलं की आम्ही दोघं दादरच्या दिशेला हात करतो आणि तिथे नेमका अंधार असतो.

कुलाब्याकडे जाणाऱ्यांचा वेगळा पंथ आहे. लिओपोल्ड १८७१ पासूनचं, इराण्यांच्या हातातलं. परदेशी पाहुण्यांना ते आधीच माहीत असतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या गोळ्यांच्या खुणा तिथल्या भिंतीवर राखून ठेवल्या आहेत. लोक बिअरचा ग्लास हातात धरून त्या भोकांशेजारी उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. ज्याला बघायचं त्याने बघावं. ते तीन दिवस आम्ही टीव्हीसमोर काढले, मला तिथे घोट गिळत नाही. त्यापेक्षा त्याच रस्त्यावरचं मोंडेगार बरं. भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं: लठ्ठ बायका, वाकडे कुत्रे, डोळे मिचकावणारे बाबू. टेबलावर गप्पा आटल्या तर भिंतीवर चालूच असतात.

पण माझा हुकमी पत्ता ताज. हॉटेल १९०३ चं, त्यातला हार्बर बार १९३३ चा. मुंबईतला हा पहिला परवानाधारक बार म्हणून सांगतात. खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. बसायचं, एकेकच मागवायचं आणि ते पुरवून पुरवून प्यायचं. पुण्याच्या मामांना नेलं होतं. मामांनी मेन्यूकार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला आणि म्हणाले, "इथे दारू विकतात की खिडकी?" मग तो एक ग्लास त्यांनी असा संपवला की बर्फ विरघळून दोनदा भरला गेला.

तिथून त्यांना बाहेर काढलं, हॉटेलच्या पाठीमागे वळवलं आणि तुलोच रोडवर नेलं. बडेमियाँच्या कबाबांचा धूर, गाड्यांच्या बॉनेटवर रुमाली रोट्या, आणि शेजारी गोकुळ. आत टेबलाला टेबल लागलेलं, कॉलेजची पोरं, ऑफिसातून थेट आलेले, दोन-चार गोंधळलेले गोरे. ताजमधल्या एका ग्लासाच्या पैशात इथे चौघांचा पहिला राऊंड चखण्यासकट होतो. मामांचा चेहरा उजळला. "हां, आता आलो मुंबईत," म्हणाले. माझं म्हणणं वेगळं होतं. मुंबई दाखवायची तर हे दोन्ही बार एका संध्याकाळी, याच क्रमाने दाखवावेत आणि मधलं अंतर पायी चालावं. दोन-तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. उलट्या क्रमाने मात्र जाऊ नये. गोकुळहून उठून ताजच्या दारात उभं राहायला जो आत्मविश्वास लागतो, तो तोवर फार वाढलेला असतो.

सगळ्यात अवघड पाहुणा गोव्याचा. त्याला मुंबईचा कुठला बार दाखवायचा? मैत्रिणीचा नवरा म्हापशाचा. त्याने बिल हातात घेतलं, वाचलं आणि प्रेमाने माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाकडे बघतात तसं. गोव्यात कर कमी, कोपऱ्याकोपऱ्यावर तावेर्न, म्हणजे छोटे बार, काजूच्या फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन. उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, निघाली की जगाला विसरणारी माणसं ती. त्यांच्यापुढे आपण काय मिरवणार? शेवटी त्याला बोंबील खिलवले. कुरकुरीत, रवा लावलेले, आत लोण्यासारखे. तो बराच वेळ गप्प होता. गोवेकराला मासा खाताना गप्प केलं, हे मी माझ्या आयुष्यातल्या कमाईत धरते.

त्याच्याशी बोलता बोलताच जुना विषय निघाला. १९५० च्या आसपास मुंबईत कडक दारूबंदी आली तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता आणि तिथे सगळं खुलं होतं. इकडे मुंबईत ज्यांनी लोकांचा घसा ओला ठेवला त्या आँट्या. ख्रिस्ती वस्त्यांतून, कुठे गोवेकर तर कुठे ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकर ख्रिस्ती, बायका; घरच्या पुढच्या खोलीत दोन बाक, भिंतीवर येशूची तसबीर, उकडलेली अंडी आणि चहाच्या कपातून दारू. म्हणजे दारूबंदीतले मुंबईचे नावाजलेले अड्डे बायकांनी चालवलेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण आज मी एकटी बारच्या दारात उभी राहिले की गल्ल्यावरचा माणूस आधी माझ्या मागे कोण आहे ते बघतो.

आणि यावरून येते मी माझ्या खऱ्या बारवर. त्याचं नाव सांगत नाही. स्टेशनपासून जवळ, शेट्टींचा, बाहेर लाल अक्षरांत 'रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. खाली साधा विभाग, आत एसी, आणि दोन्हीकडचे दर वेगळे. गल्ल्याच्या डोक्यावर मालकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, त्याच्या बाजूला देव, देवाभोवती लुकलुकणारी माळ. फिश टँकमध्ये एकच मासा, त्याला बघून कुणाचीही मासे मागवायची इच्छा मरावी असा. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट. न मागता समोर येतात ते उकडलेले चणे, वर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड, चकलीचे तुकडे आणि काकडी. नाइन्टी, म्हणजे नव्वद मिली, सांगितली की वेटर दोन मापं टेबलावरच ओततो, माप उलटं करून शेवटचा थेंब झटकतो आणि मग तुमच्याकडे बघतो: बघितलंत ना? हिशेब तोंडी. चार माणसांचे राऊंड, सोडे, एक मसाला पापड परत गेलेला, कोळंबी कोळीवाडा एक हाफ, सगळं त्याच्या डोक्यात.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. "फॅमिली वर आहे, ताई." बायकांना बार दाखवायचा म्हणजे हा जिना चढायचा. वरती एसी असा की दातांवर दात वाजावेत, खुर्च्यांच्या पाठी उंच, आणि कोपऱ्यात कुणाला दिसू नये म्हणून आलेली एक जोडी. त्यांच्यावर आपण धाड टाकल्यासारखं वाटतं. मी खालीच बसले. पहिले काही महिने शेजारच्या टेबलांवरचे आवाज मी आल्यावर खाली जायचे, शिव्या गिळल्या जायच्या. मग त्यांनाही सवय झाली. हल्ली मला बघून वेटर नुसती मान हलवतो आणि पंख्याखालचं टेबल पुसायला घेतो. ही मान हलवणं मला पाहुण्यांना दाखवायचं असतं. बाकी चणे कुठेही मिळतात.

अडचण अशी की ते दाखवता येत नाही. नणंद आली होती नागपूरहून. तिला घेऊन गेले, वेटरने नेहमीसारखी मान हलवली. तिचं लक्ष माशाकडे. नंतर म्हणाली, "वहिनी, ह्याहून बरं काही नव्हतं का?" तिचंही चूक नव्हतं. तिने पाहिली ती ट्यूबलाइट, रेक्झिनची फाटलेली सीट आणि एकाच बेसिनसमोरची रांग. बायकांसाठी तिथे काय सोय आहे ते मी लिहीत नाही. माझ्या मते शहरातल्या बारची खरी यादी करायची झाली, तर ती न्हाणीघराच्या कडीपासून करावी.

मग लंडनहून भाची आली. तिचा नवरा तिकडचाच. मुंबईच्या इराणी कॅफेंवर बेतलेली 'दिशूम' नावाची उपाहारगृहं तिकडे आहेत. त्यांनी २०२३ मध्ये ब्रायटनला 'परमिट रूम' नावाचा बार काढला. जावई तिथे जाऊन आलेला. त्याला अस्सल परमिट रूम बघायची होती. मला केवढा आनंद! नेलं. तो बिचारा जुने फोटो शोधत होता, लाकडी कपाटं शोधत होता, जुन्या मुंबईचा सुगंध शोधत होता. इथे सुगंध फिनाइलचा. भाची मला हळूच म्हणाली, "मावशी, त्याला ब्रायटनचं जास्त ओरिजिनल वाटतंय." पण ओल्ड मंक रमचा दुसरा पेग पोटात गेल्यावर जावयाने 'परमिट' म्हणजे नक्की काय, असं विचारलं आणि सगळ्या टेबलाला चर्चेला विषय मिळाला.

कायद्याने बघितलं तर महाराष्ट्रात आजही दारूबंदीच आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कुणी रद्द केलेला नाही. मोरारजी देसाईंच्या वेळचा कडकपणा वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत सैल होत गेला, कायदा तिथेच राहिला. पिणाऱ्याजवळ परवाना हवा: आजन्म हजार रुपयांचा, वर्षाचा शंभराचा, एका दिवसाचा पाच रुपयांचा. बिअर एकविसाव्या वर्षी, त्यापुढचं पंचविसाव्या. परवान्यात पिण्याचं कारणसुद्धा दिलेलं असतं, प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. म्हणजे शुक्रवारी रात्री परळपासून बोरिवलीपर्यंत जेवढे लोक बसलेले दिसतात, ते सगळे औषध घेत असतात. जावयाला हे इतकं आवडलं की त्याने खिशातून वही काढून लिहून घेतलं.

कोरड्या दिवशी, म्हणजे दारूविक्री बंद असते त्या दिवशी, येणारे पाहुणे हा आणखी एक प्रकार. २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास. त्यांना आम्ही भेळ खाऊ घालतो.

आणि मागच्या महिन्यात अहमदाबादचे पाहुणे आले, नवऱ्याचे कॉलेजातले मित्र. गुजरातचा कायदाही हाच, १९४९ चा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा दोघांच्याही वाट्याला आला. तिकडच्यांनी तो पाळायचं ठरवलं, निदान कागदावर. आपण त्यातून परमिट काढलं. अहमदाबादच्या माणसाला बार दाखवणं सगळ्यात सोपं असतं असं सगळे म्हणतात. दार उघडं असलं की झालं. दिरांनी वरळी सुचवलं, मी ताजचं बघत होते. पाहुणे म्हणाले, "भाभी, तुम्ही जिथे जाता तिथे."

पंख्याखालचं टेबल पुसलं गेलं. चणे आले. पाहुण्यांनी चण्यांना हात लावला नाही, बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवून वेटरला विचारलं, "परमिट कुठे काढायचं?" वेटर म्हणाला, काही लागत नाही साहेब. पाहुणे ऐकेनात. परवान्याशिवाय आयुष्यात घेतली नाही असं मुळीच नव्हतं, पण आज परवानगी असलेल्या राज्यात आहे तर कागदानिशी घेणार, म्हणाले. घरी फ्रेम करून लावायचा होता तो. वेटर गल्ल्याकडे गेला. शेट्टींनी खालचा खण उघडला, वरचा उघडला, चाव्यांचा जुडगा काढला. शेवटी धूळ झटकून एक पुस्तक बाहेर आलं. आजूबाजूची टेबलं बोलायची थांबली. नाव, पत्ता, वय, सही. पाहुण्यांनी कागद हातात धरला, प्रकृतिस्वास्थ्याची ओळ मोठ्याने वाचली आणि पूर्ण बारमध्ये कायदेशीर पिणारा एकमेव माणूस म्हणून चहूकडे नजर फिरवली. ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

"भाभी, तुमचं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. वेटरने माझ्याकडे बघितलं, पुस्तकाचं पुढचं पान उलटलं, कानामागचं पेन काढलं. चेहरा अगदी सरकारी.

"पंचवीस पूर्ण आहेत ना, ताई?"