‘तिचा स्वभावच तसा’

धाकटीबद्दल हे वाक्य आमच्याकडे कित्येक वर्षं चाललं. मैत्रिणीचा फोन तासभर उशिरा आला की ‘तिला मी नकोच आहे’ म्हणून घर डोक्यावर. संध्याकाळी तीच मैत्रीण जगात भारी. हातावरचे ओरखडे झाकायला भर मे महिन्यात लांब बाह्या. आई म्हणायची, नाटकं. काकांनी तर गणपतीत सगळ्यांसमोर ‘येरवड्याला दाखवून आणा’ म्हटलं आणि सगळे हसले. (येरवड्याला मनोरुग्णालय आहे. पुण्यात हा विनोद कुणाला खटकत नाही. मीही हसले होते.)

पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत नैराश्याच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या बाई चार वेळा तासतासभर बोलल्या, आईलाही वेगळं बोलावलं. मग नाव कळलं: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक आजार. हे रक्त तपासून किंवा स्कॅन काढून कळत नाही. नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात, तीही वर्षानुवर्षं दिसणारी.

आईचा पहिला प्रश्न, ‘माझं काय चुकलं?’ त्या म्हणाल्या, थोडं जन्मजात असतं, थोडं लहानपणीच्या अनुभवांतून येतं. एकाच माणसावर खापर फोडता येत नाही. आईला पटलं असं नाही.

आता दर आठवड्याला डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), म्हणजे टोकाच्या भावना सावरायला शिकवणारी थेरपी. ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी 2011 साली जाहीर सांगितलं. धाकटीने ती बातमी मला तीनदा पाठवली.

फार बिनसलं की ती मुठीत बर्फ घट्ट धरून बसते. आई फ्रीजरमध्ये हल्ली दोन ट्रे लावते. एक सरबताचा, म्हणते.