काळा पडलेला देवदूत

आमच्याकडे दुरुस्तीला आलेलं हे चित्र कागदावरचं, जलरंगातलं; एकोणिसाव्या शतकातलं, इंग्लंडमधलं, बिनसहीचं. लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग: रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांपुढे देवदूत उभा राहतो. मेंढपाळांनी डोळ्यांवर हात धरलेले, आणि ज्याच्या तेजानं डोळे दिपायचे तो देवदूतच काळाठिक्कर. मेंढ्या मात्र पांढऱ्याशुभ्र.

काजळी असेल म्हणून आधी कोरडा रबरी स्पंज हलकेच टेकवून पाहिला. काहीच उतरलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्यावर निळसर, धातूसारखी झाक दिसली, तेव्हाच शिशाचा संशय आला. क्ष-किरण तपासणीत देवदूतात शिसं निघालं, मेंढ्यांत जस्त. म्हणजे एकाच चित्रात दोन पांढरे रंग, दोन सफेदे! जस्ताचा ‘चायनीज व्हाइट’ विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश रंगकंपनीनं 1834 मध्ये बाजारात आणला. तो गंधकाला दाद देत नाही. शिशाच्या सफेद्याला कोळशाच्या धुरातला, गॅसच्या दिव्यांतला हायड्रोजन सल्फाइड लागला की काळं लेड सल्फाइड तयार होतं. तैलचित्रात तेल रंगाला झाकून ठेवतं. जलरंगात नुसता डिंक, तोही पातळ.

उपाय जुना आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनारनं 1818 मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं आणि पुढे राफाएलच्या एका रेखाचित्रावरचे असेच काळे डाग उजळले. पेरॉक्साइडनं सल्फाइडचं लेड सल्फेट होतं. ते पांढरं असतं, पण मूळचा सफेदा काही परत येत नाही आणि केलेलं उलटवताही येत नाही. म्हणून आधी सगळे फोटो, मग हात.

पातळ द्रावण थेट लावलं तर डिंक विरघळतो आणि कागदावर पाण्याची कड उमटते. आम्ही 3 टक्के पेरॉक्साइड मिथाइल सेल्युलोजच्या घट्ट जेलमध्ये घेतलं. कागदात लोखंडाचे कण नाहीत याची आधी खात्री केली, कारण लोखंड असेल तर पेरॉक्साइड कागदाचे तंतूच खातं. मग तीन शून्यांच्या, अगदी बारीक ब्रशनं, सूक्ष्मदर्शकाखाली, फक्त काळ्यावर. दोन-तीन मिनिटांत काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं पांढरं. लगेच जेल उचलायचं, किंचित ओल्या बोळ्यानं टिपायचं, वर टिपकागद. हट्टी जागी दुसरा हात. डाव्या पंखाचं टोक मंजिष्ठेच्या गुलाबी रंगाला अगदी भिडलेलं आहे. पेरॉक्साइडनं तो उडू शकतो, म्हणून तिथली करडी कडा तशीच ठेवली. ती सोडणंच बरोबर होतं असं मला ठाम वाटतं.

झगा उजळायला दुपार उलटली. मग लक्ष मेंढपाळांकडे गेलं. त्यांच्या गालांवरचे बारीक काळे ठिपके आम्ही सकाळपासून दाढीचे खुंट समजत होतो. त्यांतही शिसं निघालं. एकावर जेल टेकवलं आणि खुंटाच्या जागी पांढरा ठिपका आला: देवदूताचा उजेड, त्या माणसाच्या गालावर पडलेला.