तिसरा लागतोच!
आज दिवसभर आयोडीनच्या वाफेवर फ्लॅश मारत होतो. लखलखाट झाला की रेणू फुटतात, जांभळा रंग फिका पडतो. अणू पुन्हा जोडीने आले की रंग परततो. डोळ्याला काही कळत नाही, सगळा खेळ मिलिसेकंदांचा. ऑसिलोस्कोपवरची (वाफेतून पार होणारा प्रकाश क्षणाक्षणाला दाखवणाऱ्या पडद्यावरची) रेघ झपकन वर उडते नि वाकत वाकत खाली येते, त्या वाकण्यातच अणू पुन्हा जुळण्याचा वेग दडलेला. (याच तंत्रासाठी, म्हणजे फ्लॅश फोटोलिसिससाठी, रसायनशास्त्रज्ञ नॉरिश आणि पोर्टर १९६७ च्या नोबेलचे मानकरी, आयगेनसोबत.)

गंमत म्हणजे दोन अणू नुसते भेटून भागत नाही! जास्तीची ऊर्जा काढून न्यायला तिसरा कण लागतो, नाहीतर लगेच फारकत. या तिसऱ्याच्या कामाला हेलियमपेक्षा आर्गॉन बरा, आणि खुद्द आयोडीनचा रेणू तर कितीतरी सरस. उद्या तापवून बघायचंय. तापमान वाढलं की ही जोडणी मंदावते, म्हणजे नेहमीच्या अभिक्रियांच्या अगदी उलट.