फेडोराचा लोगो बदलताना

फेडोरा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नव्या लोगोचे दोन आराखडे जानेवारी 2019 मध्ये चर्चेला आले आणि आमच्या पुण्यातल्या गटात लगेच दोन तट पडले. 2005 पासूनचा लोगो, म्हणजे तो चित्रकथेतल्या संवादासारखा निळा बुडबुडा, कित्येकांनी कॉलेजपासून लॅपटॉपवर मिरवलेला. "चांगलं चाललंय, हात कशाला लावायचा?" हाच सूर मोठा होता. मी बदलाच्या बाजूने होतो, कारण टी-शर्ट छापून घेण्याचं काम माझ्याकडे असायचं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागते. रंग वाढला की खर्च वाढतो, म्हणून विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांना आम्ही एका रंगात भागवायचो. जुन्या लोगोत गडद निळा बुडबुडा, आत फिकट निळं अनंताचं चिन्ह आणि त्यातच गुंफलेला पांढरा एफ. रंग एकच ठेवला की दोन्ही निळे एकमेकांत मिसळतात, अनंत नाहीसं होतं आणि उरतो निळ्यावरचा पांढरा एफ. थेट फेसबुक! स्टॉलवर मुलं विचारायचीच तसं. काळ्या कापडावर तर बुडबुडाच हरवायचा. भोवती पांढरी कड द्यावी लागायची.

हे तोंडी सांगून कुणाला पटेना. शेवटी जुना लोगो एका रंगात, काळ्यावर आणि अगदी बारीक आकारात एकाच कागदावर छापून सगळ्यांपुढे ठेवला. तिथून बोलण्याची दिशाच बदलली. आवडतो की नाही हे मागे पडलं आणि कुठे चालत नाही, हे लोक स्वतःहून दाखवू लागले. एकाने अक्षरांकडे बोट दाखवलं: नावातला शेवटचा ए चक्क ओ वाटतो. दुसऱ्याने विचारलं, या अक्षरांचा फॉन्ट मुक्त परवान्याचा, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असा, आहे का? नव्हता. मला हे सगळ्यात जास्त लागलं. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या प्रकल्पाचं नावच बंदिस्त फॉन्टमध्ये!

विरोधकांचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के खरा होता. बुडबुडा म्हणजे समूहाचा आवाज, तो काढू नका, असं ते म्हणत होते, आणि आम्ही अभिप्रायात ते ठळकपणे लिहिलं. फेडोराच्या डिझाइनच्या मंडळींना कोणत्या आराखड्याला किती मतं याच्याइतकीच, किंबहुना जास्त, कारणं हवी होती. ही पद्धत मला फार पटली. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने 2005 मध्ये लोगोसाठी स्पर्धा घेतली होती. तिथेही जुना बीस्टी, म्हणजे तो छोटा लाल सैतान, शुभंकर म्हणून राहिला, ते उत्तम झालं. पण स्पर्धेत तयार चित्रांतून निवड होते, इथे चित्र चर्चेतून घडत गेलं.

पुढे बराच काळ गेला. फेडोराचा ट्रेडमार्क रेड हॅट या कंपनीकडे असल्यामुळे कायदेशीर बाजूही बघावी लागते. 2021 मध्ये नवा लोगो आला तेव्हा बुडबुडा, अनंत आणि एफ तिन्ही त्यात होते, आणि एका रंगातही ओळखू येत होते. अक्षरंही आता मुक्त फॉन्टवरून घडवलेली आहेत.

त्यातला फिकट निळा पांढऱ्या कापडावर मला अजूनही पुरेसा उठून दिसत नाही. पांढऱ्या शर्टांसाठी म्हणून आम्ही एकरंगी गडद आवृत्ती वापरतो. स्क्रीन एकच लागते.