नकाशातली बाव

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची, माघ अमावास्येची ही मोजणी. कागदोपत्री ती कधीच निकाली निघाली आहे. 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, अर्जदाराच्या हातात पडली, पोच फाइलला लागली. तरी रात्री पाठ टेकली की तो चिऱ्यांचा गोल डोळ्यांसमोर येतो, म्हणून लिहायला बसलो.

मी भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा सरकारी मोजणीदार. मालवण तालुक्यात गड नदी समुद्राला मिळण्याआधी ऐसपैस पसरते, त्या पाण्याला कालावलची खाडी म्हणतात. खाडीत माडांनी भरलेली बेटं आहेत. त्यांना इथे बेट कोणी म्हणत नाही, जुवा म्हणतात. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत तर जुवे नावाचं अख्खं गाव आहे. जुव्यावरच्या माणसाला सगळं होडीनेच करावं लागतं. सिमेंटची गोण, गॅसचा सिलिंडर, गणपती, शाळेची पोरं, तापाने फणफणलेलं माणूस, सगळं पाण्यावरून. घर बांधायला चिरा आणला तर तो दोनदा चढवायचा आणि दोनदा उतरवायचा.

अर्ज हद्द कायमचा, म्हणजे जमिनीची हद्द मोजून पक्की करून मागण्याचा होता. अर्जदार मुंबईत नोकरी करणारा तरुण. वडील वारल्यावर वारस म्हणून नाव लागलं, आता त्याला जुव्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनीचे मालक, त्याचे चुलते, आबा. दोघांचे हिस्से एकमेकांना लागून, आबांचा नदीच्या अंगाला आणि पुतण्याचा आतल्या अंगाला. आबांनी वंय, म्हणजे कुंपण, सरकवून आपल्यात शिरकाव केला आहे, अशी पुतण्याची तक्रार. असे अर्ज महिन्याला पाच-सहा येतात. लोकांना वाटतं, यंत्र आपल्या मनातली रेघ दाखवेल. ती दिसली नाही की मोजणीदार खोटा ठरतो.

मोजणीची तारीख कार्यालय कॅलेंडर बघून देतं, भरती-सुकती बघून नाही. जुव्यावरची तारीख पंचांग बघून द्यावी, हे मी दोनदा तोंडी आणि एकदा लेखी मागितलं आहे. या वेळी निव्वळ योगायोगाने अमावास्या आली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला होडीवाल्याने पहिल्या वर्षी शिकवलं. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुकती. शिवाय उधाणाचे दिवस, पाणी जितकं चढणार तितकंच खोल उतरणार. होडीवाला बिचारा आदल्या रात्री कुणकेश्वराच्या जत्रेत जागलेला, पण आठ वाजता होडी लावून हजर होता.

आता थोडं टिपणाबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. पण जमिनीचा खरा जन्मदाखला म्हणजे टिपण. जुन्या मोजणीदारांनी शंकू-साखळी घेऊन, चिखल तुडवत, प्रत्येक हिस्सा मोजून ठेवला. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. बांध कुठे वळतो, विहीर कुठे आहे, हे साखळी-आण्यात लिहिलेलं असतं. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण आकडा असा ठाम की हात लावताना आदर वाटतो. आज आमच्याकडे उपग्रहावर चालणारा रोव्हर आहे, राज्यभर 77 कॉर्स स्टेशनं, म्हणजे उपग्रहांचे संदेश सतत टिपणारी कायमची केंद्रं आहेत, त्यांच्याकडून दुरुस्ती मिळाली की काही सेंटीमीटरपर्यंत स्थान कळतं. पण रोव्हर फक्त तुम्ही आत्ता कुठे उभे आहात ते सांगतो. हद्द कुठे होती ते टिपणच सांगतं. दोघांची गाठ घालायला जमिनीवर एखादी न हललेली खूण लागते. जुना दगड, उरुळी म्हणजे हद्दीवरचा मातीचा उंचवटा, देवळाची जोती, काहीतरी.

जुव्यावर ती सापडेना. एक जुना दगड पुतण्याच्या कोपऱ्यात मिळाला, तो एकच. उरुळ्या पावसाने केव्हाच सपाट केलेल्या. त्यात माडांच्या झावळ्यांखाली रोव्हरला आकाश दिसत नाही. फिक्स, म्हणजे पक्कं स्थान, मिळता मिळता फ्लोटवर, म्हणजे अंदाजी स्थानावर जातो, मोबाइलची रेंज गेली की तेही नाही. दुपारी दोनपर्यंत आमचं हेच चाललं होतं. पुतण्या दर दहा मिनिटांनी विचारायचा, "साहेब, झालं का?" आबा पडवीत बसून आमच्याकडे बघत होते, एक शब्द बोलले नव्हते.

टिपणात आबांच्या हिश्शात विहीर दाखवलेली होती. नदीकाठापासून चांगली आत, घराच्या आणि काठाच्या मध्ये. मी सबंध बाग फिरलो, विहीर कुठेच नाही. शेवटी आबांनाच विचारलं.

"सायबानू, सुकतीपर्यंत थांबा," आबा म्हणाले. "बाव वर येतली."

मला आधी कळलंच नाही. मग काठावर जाऊन उभा राहिलो.

पाच वाजायला आले तसं पाणी खूप मागे सरकलं. आधी पाण्यावर नुसती एक भोवऱ्यासारखी रेघ दिसली. मग काळा काठ, आणि हळूहळू पाण्यातून चिऱ्यांचं कडं वर आलं. काठापासून खाडीत चौदा मीटरवर, बांधीव विहिरीचं गोल तोंड. भोवतालची माती नदीने नेली होती आणि विहीर तेवढी पाण्यात उभी राहिली होती. चिऱ्यांवर कालवं बसलेली, एकावर एक, इतकी दाट की चिऱ्याचा तांबडा रंग फक्त वरच्या एका तुटक्या कोपऱ्यावर उरला होता. रहाटासाठी दगडात केलेली खाच शाबूत होती. तिच्यात एक कुर्ली बसली होती.

मी पँट गुडघ्यावर करून उतरलो, पाणी मांडीपर्यंत आलं. रोव्हरचा पोल कड्याच्या मध्यावर धरला. दिवसभर झावळ्यांखाली रुसलेल्या यंत्राला उघडं आकाश मिळालं आणि काही क्षणांत फिक्स आला. तोच बिंदू पुतण्याच्या कोपऱ्यातल्या दगडाशी जोडून टिपणावर बसवला. फरक एका आण्याच्याही आत, म्हणजे दोन फुटांपेक्षा कमी. कोण होता तो मोजणीदार, मला माहीत नाही. माझे हात त्याला जोडले गेले.

मग हद्द निघाली. पुतण्या खरा होता. वंय हद्दीच्या नऊ मीटर आत, त्याच्या जमिनीत होती. त्या पट्ट्यात आबांनी लावलेले माड, नुकते धरू लागलेले.

पुतण्या काही बोलणार, तेवढ्यात आबाच बोलले. "वंय मी एकट्यान नाय सरकवलंय. तुझो बापूस दुसऱ्या टोकाक होतो."

नदीने तीनदा काठ नेला, तीनदा दोघा भावांनी मिळून वंय आत घेतली. माडांची एक रांग नदीत गेली की दुसरी आत लावायची. लिहून कोणी काही ठेवलं नाही. मुंबईत वाढलेल्या मुलाला वडिलांनी हे सांगितलं नव्हतं. तो कितीतरी वेळ विहिरीकडेच बघत उभा होता.

आबांची नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. चहा देताना ती म्हणाली, ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट 2016 साली जिल्हा झालं, तेही नदी खाते, हे आम्हाला पाठ असतं. "आमचो जुवो खंयच्याच पुस्तकात नाय."

काठ का ढासळतो, हे जुव्यावर लहान पोरालाही ठाऊक आहे. नदी थोडंफार नेतेच. पण रात्री सक्शन पंपाने तळाची वाळू ओढली की काठाचा पायाच जातो. डुबी मारून हातपाटीने काढलेल्या वाळूने इतकं होत नाही, असं तिथले जुने लोक सांगतात, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या काठांवरून मला ते पटतं.

सातबाऱ्यावर आबांचे 62 गुंठे आहेत. कोरडे उरलेत 38. पाण्याने जमीन नेली तर सारा कमी करून मिळण्याची तरतूद 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. साऱ्याचे पैसे किरकोळ, पण त्या निमित्ताने गेलेली जमीन कागदावर गेली म्हणून तरी लागली असती. समोरच्या तीरावर जी मळई, म्हणजे गाळाची जमीन, साठते तिथे आबांचा हक्क पोचत नाही.

हद्द खुणा दाखवणं माझं काम, ते मी केलं. चार दगड पुतण्याने स्वतः पुरले. दोन बिंदू पाण्यात पडत होते, तिथले दगड आबांच्या खळ्यात ठेवले. नकाशावर वहिवाट तुटक रेघेने दाखवली, आजचा काठ दाखवला आणि शेरा लिहिला: क्षेत्र पाण्याखाली, विहीर खाडीपात्रात. छाननीत तो शेरा खटकला. विहीर पाण्यात कशी असेल, शेरा काढा, अर्जाचा विषय तो नाही, असं मला सांगितलं गेलं. मी फोटो जोडले आणि शेरा काढला नाही. आपल्या खात्यात कोणी अर्ज केला नाही तर नदीने काय नेलं ते मोजायचंच नाही, याचा मला मनस्वी राग येतो. दोन भावांमधलं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजतो आपण!

मी तेव्हा वहिवाटीचं दोघांना समजावून, तिथेच लेखी समजुतीने मिटवा असं सांगायला हवं होतं का? उजेड संपत होता, पाणी चढू लागलं होतं, जबाबावर सह्या घेण्याच्या घाईत मी ते बोललो नाही. निघताना आबांनी एवढंच विचारलं, "बाव कागदार आसा मां?"

"आहे," म्हटलं.

येत्या अमावास्येला मी रजा टाकली आहे. रोव्हर मिळणार नाही, पण तीस मीटरची टेप माझी स्वतःची आहे. विहिरीपासून काठापर्यंतचं अंतर पावसाळ्याआधी एकदा घ्यायचं, पावसाळ्यानंतर पुन्हा. होडीवाल्याला सांगून ठेवलंय. टेपचं दुसरं टोक धरायला पुतण्या मुंबईहून येतो म्हणाला आहे.